शिशाच्या स्वारांनी उभे केलेले ग्रंथभांडार : ॲन ब्राउन लष्करी संग्रहाची वाटचाल

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याची राजधानी असलेल्या प्रॉव्हिडन्स शहरात ब्राउन विद्यापीठाचे ‘जॉन हे’ ग्रंथालय आहे. ‘ॲन एस. के. ब्राउन लष्करी संग्रह’ याच वास्तूत नांदतो. सुमारे १२,००० छापील ग्रंथ, १८,००० चित्रसंच व रेखाटनवह्या, १३,००० हून अधिक सुटी मुद्राचित्रे, रेखाचित्रे व जलरंगचित्रे आणि सुमारे ५,००० शिशाचे लघुसैनिक असा या संग्रहाचा पसारा आहे. लष्करी गणवेशांच्या अभ्यासाची जगातली जी मोठी केंद्रे आहेत, त्यांत त्याची गणना होते. नेपोलियनच्या घोडदळाचा वेध घेणाऱ्याला तर या दाराशी कधी ना कधी यावेच लागते. एवढ्या ग्रंथांचा आणि चित्रांचा आरंभ झाला तो त्या बोटभर उंचीच्या सैनिकांपासून. त्यांचे गणवेश खरे आहेत की नाहीत, हे तपासण्यासाठी पहिली पुस्तके विकत घेतली गेली.

या वाटचालीची पाळेमुळे मात्र युरोपातल्या ओतकाम करणाऱ्या कारखान्यांत आहेत. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे कथलाच्या चपट्या सैनिकांचे माहेरघर. तिथे १८३९ मध्ये अर्न्स्ट हाइनरिक्सन यांनी आपला कारखाना काढला आणि सुमारे ३० मिलिमीटर उंचीचा पायदळ सैनिक हे माप पुढे सर्वमान्य झाले. फ्रान्सने भरीव, सर्व बाजूंनी घडवलेल्या आकृतीचा मार्ग धरला. पॅरिसमध्ये ल्यूकोत या घराण्याचे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीपासून घेतले जाते. नेपोलियनचे चिन्ह असलेली मधमाशी आणि तिच्या दोन बाजूंना दोन अक्षरे, ही ल्यूकोतच्या मूर्तीची खूण. एकोणिसाव्या शतकात क्युपर्ली, ब्लोंदेल आणि जेर्बो या तिघांनी आपल्या नावांची आद्याक्षरे एकत्र करून सीबीजी ही पेढी उभी केली. तिला पुढे मिन्यो हे नाव जोडले गेले आणि ल्यूकोतचे साचेही अखेर याच पेढीकडे आले.

या पॅरिसच्या कारागिरांची करामत पाहावी ती त्यांच्या घोडेस्वारात. स्वार वेगळा ओतायचा, घोडा वेगळा. खोगीर आणि त्याखालची झूल वेगळी घडवायची, लगाम शिशाच्या बारीक पट्टीचा करून घोड्याच्या तोंडापासून स्वाराच्या मुठीपर्यंत न्यायचा. मग हे सारे जुळवून रंगवायचे. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणात अँटिमनीचे प्रमाण कमी पडले तर घोड्याचे पाय वाकतात, अधिक झाले तर ते मोडतात. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेला मातीचा मावळा डोक्याला पागोटे आणि हाती तलवार असली की मावळा ठरतो. पॅरिसच्या गिऱ्हाइकाला मात्र आपला हुसार, म्हणजे हलक्या घोडदळातला स्वार, कितव्या रेजिमेंटचा आणि कोणत्या साली तो असा दिसत होता, हे कळायला हवे असे.

हा हट्ट निव्वळ खेळण्यांच्या दुकानात जन्मला नव्हता. चित्रकार एर्नेस्त मेसोनिये यांनी १८०७ च्या फ्रीडलांडच्या लढाईतील चिलखती स्वारांचे चित्र १८६१ च्या सुमारास हाती घेतले आणि ते १८७५ मध्ये पूर्ण केले. दौडणाऱ्या घोड्याचे पाय नेमके कसे पडतात हे पाहता यावे म्हणून त्यांनी आपल्या आवारात रूळ टाकून घेतले आणि त्यावरच्या गाडीत बसून ते धावत्या घोड्याच्या बरोबरीने जात. मेणाचे छोटे घोडेही ते घडवत. त्यांचे शिष्य एदुआर देताय यांनी खऱ्या गणवेशांचा आणि शस्त्रांचा मोठा साठा जमवला. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जुन्या लष्करी वस्तू मांडल्या गेल्या आणि त्यातून ‘ला साब्रताश’ ही मंडळी एकत्र आली. हुसार स्वाराच्या तलवारीच्या पट्ट्याला लोंबणारी सपाट पिशवी म्हणजे साब्रताश. तेच नाव संस्थेने घेतले. १८९३ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. जुन्या सैनिकांची पत्रे, रोजनिशा, पलटणींच्या नोंदी त्यात छापल्या जाऊ लागल्या. १८९६ मध्ये पॅरिसला लष्कराचे ऐतिहासिक संग्रहालय स्थापन झाले, त्यामागेही हीच मंडळी होती. गणवेशाचे बटण हासुद्धा इतिहासाचा पुरावा आहे, ही दृष्टी त्यांनी रुजवली. प्रॉव्हिडन्सचा संग्रह याच दृष्टीचा वारसदार आहे.

त्याची स्थापना कोणत्याही सभेत, ठराव करून झाली नाही. ॲन सेडन किन्सोल्व्हिंग यांचा जन्म १९०६ चा. बाल्टिमोर शहरात धर्मगुरू असलेल्या वडिलांच्या घरी त्या वाढल्या आणि तिथल्याच वृत्तपत्रात त्यांनी पत्रकारिता केली. १९३० मध्ये त्यांचा विवाह जॉन निकोलस ब्राउन यांच्याशी झाला. ब्राउन घराणे प्रॉव्हिडन्सचे. विद्यापीठाला १८०४ पासून याच घराण्याचे नाव आहे. नवदांपत्य विवाहानंतर युरोपच्या प्रवासाला गेले आणि तिथे ॲन यांनी शिशाचे सैनिक विकत घ्यायला सुरुवात केली. परतताना सामानात त्यांची चांगलीच भर पडली होती.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला तो या सैनिकांच्या ओळखीचा. हा कोणत्या देशाचा, कोणत्या पलटणीचा, कोणत्या सालचा? रंगवणाऱ्याने कोटाचा रंग माहितीने दिला की अंदाजाने? उत्तर शोधायचे तर पुस्तके हवीत. म्हणून पुस्तके आली. पुस्तकातली चित्रे पुष्कळदा जुन्या मुद्राचित्रांवरून काढलेली असत. म्हणून मूळ मुद्राचित्रे आली. मुद्राचित्रांतही एकाची दुसऱ्याने नक्कल केलेली आढळे. म्हणून ज्यांनी ते सैन्य प्रत्यक्ष पाहिले त्यांच्या रेखाटनवह्या आणि जलरंगचित्रे आली. पत्रकाराला बातमीचा उगम शोधण्याची सवय असते, ती ॲन ब्राउन यांनी इथे कामी आणली. १९३० च्या दशकात शोधाची जी दिशा ठरली, तिच्यात पुढची पन्नास वर्षे खंड पडला नाही.

ही तपासणी किती अवघड होती, हे फ्रेंच घोडदळाच्या उदाहरणांवरून सहज लक्षात येते. काराबिनिए या मातब्बर स्वारांच्या दोन रेजिमेंट होत्या. १८०७ मध्ये फ्रीडलांडला ते निळ्या कोटात आणि अस्वलाच्या कातडीच्या उंच टोपीत लढले. १८०९ च्या अखेरीस निघालेल्या आदेशाने त्यांचे रूपच पालटले: पांढरा कोट, पितळी झळाळीचे चिलखत, लाल तुरा असलेले शिरस्त्राण. १८१२ च्या बोरोदिनोच्या रणावर ते या नव्या वेषात होते. पाच वर्षांचा फरक चुकला की मूर्ती कितीही सुबक असली तरी खोटी ठरते. पोलिश स्वारांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. ३० नोव्हेंबर १८०८ रोजी स्पेनमधल्या सोमोसिएरा खिंडीत त्यांनी तोफांवर जो हल्ला चढवला, तो युरोपभर गाजला. त्या पराक्रमाची चित्रे आणि मूर्ती असंख्य झाल्या आणि कित्येकांनी स्वारांच्या हाती भाले दिले. नेपोलियनच्या शाही गार्डातल्या, म्हणजे खास रक्षकदलातल्या, या रेजिमेंटला भाले मिळाले ते पुढच्या वर्षी झालेल्या वाग्रामच्या लढाईनंतर. सोमोसिएराला ते तलवारी उपसून धावले होते.

सरकारी नियम हाती असले म्हणजे काम भागते असेही नाही. नियमावली एक सांगे, रेजिमेंटचा कर्नल दुसरेच करी. कर्णा वाजवणाऱ्या स्वारांचा वेष तर बहुधा कर्नलच्या हौसेवर आणि खिशावर अवलंबून असे. सर्वसाधारण रिवाज असा की कर्णेवाल्याच्या कोटात रेजिमेंटच्या रंगांची अदलाबदल होई आणि लढाईच्या धुमाळीत तो दुरून ओळखू यावा म्हणून त्याला पांढरा-राखी घोडा दिला जाई. पण कोणत्या साली कोणत्या पलटणीत हा रिवाज पाळला गेला, हे सांगणारा कागद मिळेपर्यंत खात्री नाही. मोहिमेवर तर नियमावली मागेच राहत असे. टोपीवर मेणकापडाचे आवरण, पायात बाजूने बटणे लावलेली जाड विजार, अंगावर धूळ. परेडचा स्वार आणि मोहिमेवरचा स्वार हे दोन वेगळे लघुसैनिक आहेत आणि संग्रहाला दोघांचाही पुरावा लागतो.

असा पुरावा देणारे समकालीन साक्षीदार मोजकेच. पॅरिसमध्ये मार्तिने यांनी नेपोलियनच्या साम्राज्यकाळातच फ्रेंच सैन्याची रंगीत मुद्राचित्रे प्रसिद्ध केली. हांबुर्गच्या सूर बंधूंनी आपल्या शहरात आलेल्या नाना देशांच्या सैनिकांची चित्रे काढली. ज्याला अभ्यासक ‘ओटोचे हस्तलिखित’ म्हणतात तो चित्रसंच जर्मनीतल्या बाडेन प्रदेशाच्या एका चित्रकाराने १८०७ च्या सुमारास फ्रेंच सैनिकांना पाहून रंगवला. त्या चित्रांतले सैनिक परेडसाठी सजलेले नाहीत, मोहिमेत वापरलेल्या कपड्यांत आहेत. म्हणूनच त्यांचे मोल फार. हे हस्तलिखित आज ब्राउन संग्रहात आहे. अशी एकेक चीज मिळवायला जाणकार विक्रेत्यांचे जाळे लागते, लिलावांवर नजर ठेवावी लागते आणि पैसा लागतो. ब्राउन घराण्याकडे पैसा होता ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. पण पैशाने वस्तू येतात. कोणती वस्तू घ्यायची हे कळायला अभ्यासच लागतो आणि तो ॲन ब्राउन यांनी स्वतः केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतही या विषयाला संघटित रूप येऊ लागले. १९४९ मध्ये तिथल्या लष्करी संग्राहकांनी आणि इतिहासकारांनी ‘कंपनी’ या नावाची आपली संस्था स्थापन केली. तिच्या आरंभीच्या सदस्यांत ॲन ब्राउन होत्या. त्या काळी हा विषय निवृत्त अधिकाऱ्यांचा आणि एकूणच पुरुषांचा मानला जाई. त्या वर्तुळात एका स्त्रीचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला, तो केवळ ज्ञानाच्या बळावर. याच काळात त्यांचे यजमान जॉन निकोलस ब्राउन १९४६ ते १९४९ या वर्षांत अमेरिकेच्या नौदलाचे सहायक सचिव होते. पुत्र जे. कार्टर ब्राउन यांनी पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टचे संचालकपद दीर्घकाळ सांभाळले. संग्रह करणे आणि तो लोकांपुढे ठेवणे ही या घरची रीतच होती. याच घराण्याचे जॉन कार्टर ब्राउन ग्रंथालय विसाव्या शतकाच्या आरंभी विद्यापीठाकडे सुपूर्द झाले होते.

बेनिफिट स्ट्रीटवरचे ब्राउन कुटुंबाचे घर १७९२ मध्ये बांधलेले, लाकडी आणि प्रशस्त. लघुसैनिक काचेच्या कपाटांत मांडले गेले आणि त्यांच्या अवतीभवती ग्रंथांची रांग वाढत गेली. सैनिकांचा आकडा काही हजारांवर स्थिरावला, ग्रंथ आणि चित्रे मात्र थांबायचे नाव घेईनात. ज्यांच्यासाठी हा खटाटोप सुरू झाला ते शिशाचे स्वार आता संग्रहाचा एक लहान भाग झाले होते. अभ्यासक पत्राने शंका विचारू लागले, प्रकाशक चित्रांसाठी परवानगी मागू लागले. खाजगी छंदाला संस्थेचे रूप आले ते या टप्प्यावर.

१९६१ हे वर्ष या वाटचालीतला मैलाचा दगड. फ्रेंच इतिहासकार आंरी लाशूक यांनी नेपोलियनच्या शाही गार्डाचा जो बृहद् इतिहास लिहिला होता, त्याचे इंग्रजी रूपांतर ॲन ब्राउन यांनी ‘द ॲनाटमी ऑफ ग्लोरी’ या नावाने सिद्ध केले. त्यातली चित्रे त्यांच्याच संग्रहातली होती. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला गार्डाची सविस्तर ओळख करून देणारा हा ग्रंथ ठरला. तीन दशके जमवलेल्या साधनांचे चीज झाले. त्यानंतर १९७२ मध्ये हॉवर्ड राइस यांच्यासह त्यांनी संपादित केलेला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या रोशांबो यांच्या फ्रेंच सैन्यावरचा ग्रंथ दोन खंडांत आला. रोशांबोचे सैन्य त्या युद्धात ऱ्होड आयलंडमध्येच उतरले होते, त्यामुळे या कामाला घरचा जिव्हाळाही होता.

फ्रेंच घोडदळाच्या बाबतीत संग्रहाचे सर्वांत मोठे वैभव म्हणजे ल्युसियाँ रूसलो यांची चित्रे. १९०० मध्ये जन्मलेल्या या पॅरिसच्या चित्रकाराने आयुष्यभर एकच व्रत चालवले: फ्रेंच सैन्याचे गणवेश पुराव्याबरहुकूम रंगवायचे. १९४३ मध्ये, जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये, त्यांनी आपली फ्रेंच सैन्यावरची सुप्रसिद्ध चित्रपत्रमालिका सुरू केली. ती पुढे १०६ चित्रपत्रांपर्यंत गेली. त्यांचे एक चित्रपत्र हाती घेतले की पद्धत लक्षात येते. मधोमध उभे सैनिक, आणि भोवती सुटे तपशील: झुलीचा एक कोपरा, मागे बांधलेल्या वळकटीचे गोल टोक आणि त्यावरचा क्रमांक, बटणाचा ठसा, तलवारीची मूठ, पट्ट्याचे बक्कल. सोबत छापील टिपण, त्यात आधार. लघुमूर्ती घडवणाऱ्याला आणि रंगवणाऱ्याला हवे ते सर्व एका कागदावर.

या रूसलोंकडून ॲन ब्राउन यांनी शाही गार्डाच्या घोडदळाची जलरंगचित्रे खास करवून घेतली. काळ्या घोड्यांवरचे, अस्वलाच्या कातडीच्या टोपीतले ग्रेनेडियर. हिरव्या डोलमानावर (आखूड कोटावर) लाल पेलीस (खांद्यावर घ्यायचा फरचा कोट) टाकणारे शास्यर, ज्यांच्या कर्नलचा साधा हिरवा कोट नेपोलियन स्वतः घालत असे. इजिप्तच्या मोहिमेनंतर फ्रान्सला आलेले मामलुक. बिबट्याच्या कातड्याची पट्टी शिरस्त्राणाला गुंडाळलेले, सम्राज्ञीचे नाव मिरवणारे ड्रॅगून. निळ्या-किरमिजी वेषातले पोलिश आणि लाल वेषातले डच भालाईत. या चित्रांत घोडाही तितक्याच निष्ठेने काढलेला आहे. त्याच्या अंगचा रंग, त्याचे साज, रिकिबीची लांबी, स्वाराची बैठक. रूसलो १९९२ मध्ये निवर्तले. त्यांच्या हातची ही मालिका एका ठिकाणी सुरक्षित राहिली, हे या संग्रहाचे फ्रेंच इतिहासावरचेही उपकारच म्हणायचे.

दरम्यान लघुमूर्तींच्या दुनियेतही मोठा बदल घडत होता. १९६० च्या दशकात पॅरिसमध्ये ‘हिस्टोरेक्स’ या नावाने प्लॅस्टिकचे सुटे भाग मिळू लागले. माप तेच, शिशाच्या सैनिकाला रूढ झालेले ५४ मिलिमीटरचे. त्यांच्या आखणीमागे लष्करी चित्रकार युजेन लेलिएव्र यांचा अभ्यास होता. घोड्याचे दोन अर्ध, निरनिराळी डोकी, हात, झुली, म्यान, पिशव्या असे भाग जोडून हौशी माणूस घरबसल्या आपला स्वार घडवू लागला. रंगवण्याची आणि तपशिलाची जबाबदारी त्याच्यावर आली. साहजिकच प्रमाणभूत चित्रांची भूक वाढली, आणि ती भागवणाऱ्या ग्रंथांना प्रॉव्हिडन्सची साधने पुरवली जाऊ लागली.

१९७९ मध्ये जॉन निकोलस ब्राउन यांचे निधन झाले. संग्रहाच्या भवितव्याचा विचार आता टाळण्याजोगा नव्हता. असे किती तरी संग्रह मालकाच्या पश्चात लिलावात फुटतात. सैनिक एकीकडे जातात, पुस्तके दुसरीकडे, आणि त्यांचा एकमेकांना असलेला आधार तुटतो. ॲन ब्राउन यांनी तसे होऊ दिले नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी सगळा संग्रह, शिशाच्या सैनिकांसकट, ब्राउन विद्यापीठाच्या जॉन हे ग्रंथालयात दाखल झाला. १९८५ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या हातचे काम सुरक्षित छपराखाली आलेले होते.

विद्यापीठाच्या छपराखाली आल्यावर कामाचे स्वरूप बदलले. घरातल्या संग्रहाची सूची मालकिणीच्या स्मरणात असते; सार्वजनिक ग्रंथालयात प्रत्येक नगाची नोंद लागते. हजारो चित्रसंच, आणि एकेका संचात कित्येक चित्रे. चित्रकार कोण, पलटण कोणती, साल कोणते हे ठरवायचे, तेही पुष्कळदा चित्रावर अक्षर नसताना. अभिरक्षक पीटर हॅरिंग्टन यांनी अनेक वर्षे ही धुरा वाहिली, लष्करी चित्रकलेवर ग्रंथ लिहिले आणि प्रदर्शने मांडली. त्यांच्याबरोबर सूचीकार, जतनतज्ज्ञ, छायाचित्रकार आणि विद्यार्थी मदतनीस यांचे हात आहेत. त्यांची नावे पुस्तकांच्या पानांवर क्वचित येतात, पण त्यांच्यावाचून एकही पुस्तक पुरे झाले नसते.

शिशाच्या सैनिकांचे जतन हा तर वेगळाच अध्याय. शिसे वरवर टणक दिसते, पण ओक लाकडातून आणि काही रंग-रोगणांतून बाहेर पडणारी आम्लाची वाफ त्याला बाधते. पृष्ठभागावर पांढरी भुकटी येते, रंग सुटतो, आणि लक्ष दिले नाही तर पातळ भाग आधी जातो, म्हणजे तलवार, लगाम, घोड्याचा पाय. म्हणून कपाटाचे लाकूड, हवेतला ओलावा, प्रकाश या सर्वांकडे पाहावे लागते. जुन्या मूर्तीवर नवा रंग चढवणे हा अपराध मानला जातो, कारण मूळ रंगवणाऱ्याचे काम हाही आता इतिहासच झाला आहे.

या जपणुकीची फळे १९९० च्या दशकात दिसू लागली. १९९४ मध्ये गाय डेम्प्सी यांनी ओटो हस्तलिखितातली चित्रे ग्रंथरूपात आणली. जवळपास दोन शतकांनी ते स्वार सर्वसामान्य वाचकासमोर आले. १९९९ मध्ये एडवर्ड रायन यांच्या संहितेसह रूसलोंची घोडदळाची चित्रे ‘नेपोलियन्स एलीट कॅव्हलरी’ या ग्रंथात प्रसिद्ध झाली. लघुमूर्ती रंगवणाऱ्यांच्या टेबलावर हा ग्रंथ आज हमखास आढळतो, आणि त्यातल्या पानांवर रंगाचे डाग पडलेले असतात. पुढे विद्यापीठाने चित्रांच्या अंकीय प्रती करण्याचे काम हाती घेतले. ज्या चित्रासाठी पूर्वी अटलांटिक ओलांडावा लागे, ते आता कोणालाही घरबसल्या, विनामूल्य पाहता येते.

१९१० मध्ये उघडलेल्या जॉन हे ग्रंथालयाचे नूतनीकरण होऊन २०१४ मध्ये त्याचे वाचनदालन नव्याने खुले झाले. लष्करी संग्रहाचे अभ्यासक आज तिथे बसून काम करतात: इतिहासकार, चित्रपटांसाठी वेषभूषा करणारे, जुन्या लढाया पुन्हा उभ्या करणाऱ्या मंडळांचे सदस्य आणि अर्थातच लघुमूर्तींचे संग्राहक. लघुसैनिक काचेआड कालानुक्रमे उभे आहेत आणि ते पाहायला विद्यापीठाचे विद्यार्थी असण्याची अट नाही. चित्रसंचांतल्या पानापानाची ओळख पटवून नोंद करण्याचे काम चालूच आहे. एखाद्या निनावी जलरंगातला स्वार कितव्या हुसार रेजिमेंटचा, हे त्याच्या पेलीसच्या आणि साब्रताशच्या रंगावरून ठरते, नोंदीत साल भरले जाते आणि पुढचे पान घेतले जाते.